घरात बोलू नये असं वाक्य

वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मी खांद्याला पिशवी अडकवून इंग्रजीच्या क्लासला जायला लागले, तेव्हा माझ्या मुलीला लाज वाटली आणि मला भीती. तिची लाज आठवड्याभरात ओसरली. माझी भीती मात्र रोज संध्याकाळी क्लासचा जिना चढताना गोळा होऊन पोटात बसायची. जिना एका मिठाईच्या दुकानाच्या बाजूने वर जायचा. खाली तुपात जिलब्या निघत असायच्या आणि वर मला मळमळत असायचं. आजही गरम जिलबीचा वास आला की मला आधी इंग्रजी आठवतं.

हे मी हौसेने करत नव्हते. लग्न होऊन सांगलीहून आले तेव्हापासून आम्ही फरीदाबादला राहतो. नवरा ट्रॅक्टरचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. (तोंडावर मी त्याला ‘अहो’च म्हणते. लिहिताना ‘तो’ म्हणायची मुभा माझी मीच घेतली आहे.) त्या वर्षी जानेवारीत त्याला हृदयविकाराचा मोठा झटका आला, छातीचं ऑपरेशन झालं आणि दिवसभर उभं राहून करायचं काम डॉक्टरांनी बंद केलं. घर माझ्यावर आलं. ओळखीतून मला एका खासगी हॉस्पिटलात हेल्पडेस्कवर तात्पुरती नोकरी मिळाली. ‘एक्सरे किधर है’ आणि ‘बिल कहाँ भरना है’ एवढ्याला माझी हिंदी पुरत होती. पण तिथे परदेशातले पेशंट येऊ लागले होते. दिवाळीनंतर सगळ्यांची इंग्रजीत तोंडी परीक्षा घेणार आणि पास होतील त्यांनाच कायम करणार, असं आम्हाला सांगण्यात आलं. नापास होतील त्यांचं काय, हे कुणी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

माझं सगळं शिक्षण मराठीतून. इंग्रजी वाचता यायचं, ऐकलेलं समजायचं, पण बोलायला तोंड उघडलं की जीभ टाळूला चिकटायची. मुलगी म्हणायची, ‘‘आई, यू नो एव्हरीथिंग यार, बस बोलायचंच तर आहे.’’ बस बोलायचंच तर होतं. पोहता न येणाऱ्याला काठावरून लोक असंच सांगतात.

क्लास घेणाऱ्या मॅडम कॉन्व्हेंट शाळेतून निवृत्त झालेल्या पंजाबी बाई होत्या. पांढरे, कापलेले केस, हातात मार्कर. समोरचा कितीही चुकला तरी त्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलत नसे, आणि त्यामुळे जास्तच घाबरायला व्हायचं. अवघड शब्दांचा तास त्यांचा लाडका. एकदा त्यांनी फळ्यावर भीतीच्या शब्दांची उतरंड रचली. सगळ्यात वर अँक्शस, मग अ‍ॅप्रिहेन्सिव्ह, मग टेरिफाइड, तळाला पेट्रिफाइड. एकेकाला उठवून अर्थ विचारू लागल्या.

मला मनातल्या मनात हसू आलं, कारण हा सगळा माल माझ्या घरचाच होता. अ‍ॅप्रिहेन्सिव्ह म्हणजे धाकधूक. टेरिफाइड म्हणजे पाचावर धारण. पेट्रिफाइड म्हणजे सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन काही न बोलता नुसत्या उभ्या राहिल्या की मला जे व्हायचं ते. पण ‘धसका’ याला फळ्यावर शब्द नव्हता. भीती येते आणि जाते. धसका घेतला की तो अंगात मुक्कामाला राहतो, माणूस हसतो, भाजी चिरतो, कामावर जातो, आणि धसका तिथेच असतो. घरी आल्यावर मुलीला विचारलं, याला इंग्रजीत काय म्हणतात. ती म्हणाली, ‘‘पहिले सांग, धसका म्हणजे काय?’’ दिल्लीच्या बाजूला वाढलेल्या मुलांचे असे बरेच शब्द सांडलेले असतात. मी तिला समजावून सांगायला गेले आणि मध्येच विषय बदलला.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी जर-तर काढलं. साधं जर-तर सगळ्यांना आलं. मग त्यांनी फळ्यावर लिहिलं, मिक्स्ड कंडिशनल. ‘जर’ कालचं आणि ‘तर’ आजचं. काल अमुक घडलं नसतं, तर आज तमुक असतं. आधीच्या तुकडीत यावर म्हणे लोक आडवे पडले होते. मला ते एका दमात समजलं, कारण इकडची मराठी माणसं याच वाक्यावर जगतात. गणपतीच्या मांडवात आरतीनंतर कुणीतरी म्हणतंच, ‘तेव्हा बदली घेतली असती तर आज पुण्यात घर असतं.’ पानिपतला चादरी घ्यायला गेलेला माणूसही रिकाम्या हाताने आणि त्या वाक्याशिवाय परत येत नाही. ‘तेव्हा जिंकलो असतो तर आज...’ असं म्हणून सुस्कारा सोडायचा आणि मग चादरीचा रंग जाईल का ते विचारायचं.

तर समजलं सगळं. मग मॅडम म्हणाल्या, ‘‘किताब का नहीं चाहिए. कल हर कोई अपनी ज़िंदगी का एक सच्चा वाक्य लाएगा. जो सच बोलता है वो अटकता नहीं.’’

माझ्या आयुष्यात असं खरं वाक्य एकच होतं, आणि ते घरात बोलायचं नव्हतं.

त्या जानेवारीतल्या सकाळी असं धुकं होतं की गेटपाशी लावलेली स्कूटर दारातून दिसत नव्हती. नवरा पहिल्या पाळीला निघाला. मी ओट्याकडे वळले तर डबा तिथेच. मी धावत दारात गेले आणि धुक्यात हाक मारली, ‘‘अहो, डबा!’’

निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही हा आमच्या घरातला पहिला नियम. देवघरातून सासूबाई कडाडल्या, ‘‘मागून हाक मारलीस? सकाळी सकाळी?’’ नवरा परत आला. परत आलेल्या माणसाने तसाच पाय बाहेर टाकायचा नाही, घटकाभर बसायचं, पाणी प्यायचं, मग निघायचं, हा दुसरा नियम. ‘‘आई, उशीर होतोय,’’ तो म्हणाला. ‘‘होऊ दे. बस आधी,’’ असं म्हणून त्यांनी त्याला खुर्चीत बसवला आणि हातात पाण्याचा पेला दिला. ते पाणी त्याने प्यायलं नाही. आधी पेला खाली पडला आणि मग तो.

समोरच्या घरात गाडी होती. ते लोक झोपेतून उठून स्वेटर न घालता धावले. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, ‘‘टाइम पे ले आए.’’ तेवढंच म्हणाले. मथुरा रोडवर, त्या धुक्यात, दोन ट्रकांच्या मध्ये स्कूटर चालवताना हे झालं असतं तर, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. आम्हीही नाही.

या गोष्टीची वाक्यं दोन होतात. मी मागून हाक मारली नसती, तर आज नवरा जिवंत नसता. हे एक. आणि मी मागून हाक मारली नसती, तर आज नवरा धडधाकट असता. हे दुसरं. पहिलं डॉक्टरांचं, दुसरं आमच्या घरातल्या नियमाचं. दिवसा मी पहिल्यावर विश्वास ठेवायचे. पण माझ्याही आईने मला मागून हाक मारू नये हेच शिकवलेलं होतं, आणि असलं शिकवणं डॉक्टरांच्या एका वाक्याने पुसलं जात नाही. नवरा जिना चढताना मध्येच थांबून कठडा धरायचा, तेव्हा दुसरं वाक्य आपोआप मनात यायचं.

त्याहून मोठी भीती ही की सासूबाईंच्या मनात यातलं कुठलं वाक्य आहे ते मला कळत नव्हतं. हॉस्पिटलातून घरी आल्यापासून त्या माझ्याशी कामापुरतंच बोलत होत्या. ‘कुकर लावला का’, ‘दूध आलं का’, संपलं. भांडल्या असत्या तर मीही भांडले असते, मी काही कमी नाही. पण त्या भांडत नव्हत्या. कधीकधी माझ्याकडे बघत राहायच्या, ओठ हलायचे, आणि मग पदराने तोंड पुसून देवघरात जायच्या. मी मनात म्हणायचे, ‘हे बघ, आलं होतं ओठावर. परत गेलं.’

विचारायची सोय नव्हती. आमच्या घरात अभद्र बोलत नाहीत. वास्तू तथास्तु म्हणते, त्यामुळे घरात जे बोलाल ते खरं होतं, अशी सासूबाईंची पक्की खात्री. आमच्याकडे तांदूळ संपत नाहीत, वाढतात. बांगडी फुटत नाही, तीही वाढते. कुणी ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. नवरा बरा झाल्यावर एकदा जेवताना गमतीत म्हणाला, ‘‘मेलो असतो तर ही बिनमिठाची आमटी खावी लागली नसती.’’ सासूबाई ताटावरून उठल्या. ‘‘तोंड आवर,’’ एवढंच म्हणाल्या, आणि देवापुढे दिवा लावून बराच वेळ बसल्या. त्यानंतर जानेवारी हा महिनाच घरात कुणी उच्चारला नाही.

दुसऱ्या दिवशी क्लासला मी खोटं वाक्य घेऊन गेले. ‘मी आईकडून पुरणपोळी शिकले असते तर आज माझी पुरणपोळी फाटली नसती’ असं काहीतरी. मॅडमनी ऐकून घेतलं. ‘‘ग्रामर ठीक है,’’ त्या म्हणाल्या, ‘‘मगर आप ऐसे बोल रही हैं जैसे स्टेशन पे अनाउन्समेंट हो रही हो. गाड़ी आ रही है, आपको क्या.’’ सगळे हसले. मीही हसले.

तास संपल्यावर त्यांनी मला थांबवलं. ‘‘आप इंग्लिश से नहीं डरतीं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तो किससे?’’

त्यांना कसं सांगणार? माझ्याकडे इंग्रजी नव्हतं आणि हिंदीत ‘वास्तू तथास्तु म्हणते’ सांगायला गेलं तर त्याचा चिवडा झाला असता. मी म्हटलं, ‘‘मैडम, हमारे यहाँ ऐसा बोलते नहीं.’’

‘‘कैसा?’’

‘‘जो हुआ नहीं, और बुरा है, वो.’’

मॅडमनी मार्करला टोपण लावलं. ‘‘हॉस्पिटल में आपके सामने जो आएगा,’’ त्या म्हणाल्या, ‘‘उसके दिमाग में दिन भर यही चल रहा होगा. उसके साथ आप क्या पुरणपोली की बात करेंगी?’’

मला राग आला. घरी येईपर्यंत मी मनात त्यांच्याशी भांडत होते, आणि घरी आल्यावर कळलं की त्यांचं खरं आहे.

मग मी सराव सुरू केला. पोळ्या लाटताना, पुटपुटत, अर्ध्या आवाजात. ‘इफ आय हॅड नॉट कॉल्ड हिम...’ इथपर्यंत यायचं आणि पुढे गॅस मोठा करून थांबायचं. वास्तूला इंग्रजी कळतं का, हा प्रश्न मी खरोखर विचारात घेतला होता. हरियाणातली वास्तू, तिला मराठी कळतं तर इंग्रजी का नाही? नवऱ्याला माझ्या सरावाची गंमत वाटायची. ‘‘पुढचं बोल की,’’ तो सोफ्यावरून म्हणायचा. मी म्हणायचे, ‘‘तुम्ही औषध घेतलंत का?’’

एके दिवशी धीर करून पुढचं बोलले. ‘...ही वुड बी डेड,’ एवढे शब्द तोंडातून निसटले आणि मागे खट् असा आवाज झाला. सासूबाई दारात होत्या. हातातली फुलांची पितळी परडी त्यांनी दाराशेजारच्या फळीवर ठेवली होती. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण टीव्हीवरच्या बातम्यांमुळे ‘डेडबॉडी’ हा शब्द घराघरांत पोचलेला आहे.

‘‘कोण डेड?’’ त्यांनी विचारलं.

‘‘कुणी नाही. पुस्तकातलं आहे.’’

‘‘पुस्तकात एवढंच शिकवतात का?’’ त्यांनी परडी उचलली. ‘‘शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली. माझ्या घरात हे बोलायचं नाही. सांगून ठेवते.’’

माझ्या घरात, असं म्हणाल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांनी कधी माझं-तुझं केलं नव्हतं. मी पोळी तव्यावर तशीच सोडली आणि न्हाणीघरात जाऊन रडले. ठरलं म्हटलं. त्यांच्या मनात दुसरंच वाक्य आहे. आधी मी हाक मारून त्यांच्या मुलाला आजारी पाडलं, आता बोलून मारायला निघाले आहे. आणि खरं सांगते, न्हाणीघरात बसल्या बसल्या मला त्यांचं पटतही होतं. नळ बंद करून मी कान लावून बसले होते, बाहेर नवऱ्याच्या खोकण्याचा आवाज येतोय ना म्हणून.

परीक्षेच्या दिवशी सकाळी कुणाशीच नीट बोलले नाही. ‘येते’ म्हटलं आणि निघाले. सासूबाईंनी हातावर दही ठेवलं. नियम तो नियम, त्यात राग-लोभ आणायचा नाही, हे त्यांचं मला नेहमी आवडलं.

हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर, काचेच्या खोलीत, टेबलापलीकडे दोघं बसली होती. एक बाई आणि एक तरुण डॉक्टर. नाव, गाव, काम, एवढं मी रेटलं. जीभ टाळूला चिकटत होती, पण निघत होती. मग बाईंनी विचारलं, एक घाबरलेला नातेवाईक आपली भाषा न बोलणाऱ्या देशात आला आहे. त्याने तुमच्यावर विश्वास का ठेवावा?

पाठ केलेलं उत्तर होतं. त्यात ‘कंपॅशनेट’ होतं, ‘डेडिकेटेड’ होतं, मॅडमनी घोटून घेतलेले सगळे भारी शब्द होते. मी तोंड उघडलं आणि ते सगळे पळाले. डोळ्यांसमोर खाली पडलेला पेला तेवढा दिसत होता. मी म्हटलं, मीही हॉस्पिटलच्या बाकावर अशीच बसलेली आहे. धुकं होतं. तो डबा विसरला. मी हाक मारली. आणि मग ते वाक्य, पूर्ण, न अडखळता आलं. ‘‘इफ आय हॅड नॉट कॉल्ड हिम बॅक, ही वुड नॉट बी अलाइव्ह टुडे.’’

डॉक्टरने हळूच विचारलं, आता कसे आहेत ते?

‘‘ही इज फाइन,’’ मी म्हटलं, आणि त्याच क्षणी माझ्या छातीत धस्स झालं. बोलून बसले होते. नुसतं बोलले नव्हते, मोठ्याने, दोन माणसांसमोर, त्याला मरणाच्या शेजारी उभं करून वर ‘ठणठणीत आहे’ असंही म्हणाले होते. दृष्ट लावायची याहून सोपी रीत नसेल.

तासाभराने त्यांनी बोलावून सांगितलं, सोमवारपासून परदेशी पेशंटच्या डेस्कवर बसा. बाकीच्या मुली मिठी मारायला आल्या. मी त्यांच्या खांद्यावरून घरचा फोन लावत होते. रिंग जात होती, कुणी उचलत नव्हतं. नवऱ्याचा मोबाईल लावला. तोही वाजून वाजून बंद झाला.

ऑटोत बसले. मेट्रो तेव्हा फरीदाबादला आली नव्हती, आणि मथुरा रोडवर तर कुणाला दया येत नाही. पुढे एक लग्नाची वरात, मागे ट्रक, मध्ये मी. दर वेळी रिंग जायची आणि मी पुन्हा नंबर फिरवायचे. मॅडमची उतरंड मी त्या रस्त्यावर वरून खालपर्यंत उतरले. गल्लीच्या तोंडाशी उतरून धावत सुटले. घराला कुलूप होतं.

कुलूप बघून माणसाच्या मनात काय येतं ते सांगायला नको. समोरच्या घरातली गाडीही जागेवर नव्हती. जानेवारीत तीच गाडी आली होती. मी गेटची दांडी धरून उभी राहिले. एकच चाललं होतं मनात, की वास्तूला इंग्रजी कळतं.

आणि कोपऱ्यावरून नवरा आला. हातात मेथीच्या जुड्या, दुसऱ्या हातात मुळे, मागून आपल्या चालीने सासूबाई. बाजार भरला होता म्हणून दोघं गेली होती. मोबाईल घरात चार्जिंगला लावलेला. मला बघून तो हसला, ‘‘काय, झालीस का मेमसाब?’’

मी त्याच्यावर अशी ओरडले की पलीकडच्या गच्चीवरची बाई वाळत घातलेले कपडे सोडून बघायला लागली. ‘‘न सांगता जाता कसे? फोन कशाला दिलाय? कळतं का काही?’’ ओरडता ओरडता रडायला लागले. नवऱ्याने घाबरून विचारलं, ‘‘नापास झालीस?’’ ‘‘पास झाले!’’ मी आणखी जोरात ओरडले. तो गोंधळून कुलूप उघडून आत गेला. शहाणा माणूस आहे.

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. आत आल्यावर त्यांनी मेथी ओट्यावर ठेवली आणि विचारलं, ‘‘काय विचारलं त्यांनी?’’

खोटं बोलायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. ‘‘जानेवारीतलं,’’ मी म्हटलं. ‘‘म्हणजे तसं विचारलं नाही. पण मी सांगितलं.’’

‘‘हाक मारल्याचं?’’

‘‘हो.’’

‘‘आणि पुढचं?’’

‘‘तेही. इंग्रजीत.’’

त्यांनी माझं मनगट धरलं. ‘‘चल,’’ म्हणाल्या, ‘‘बाहेर चल.’’

‘‘आई, कुठे?’’

‘‘चल म्हणते ना.’’

त्या मला ओढतच घेऊन निघाल्या. चपलाही धड घालू दिल्या नाहीत. दार झालं, अंगण झालं, गेट झालं, तरी थांबेनात. मला वाटलं, झालं, आज चारचौघांत निकाल. इतके महिने गिळलेलं आता रस्त्यावर येणार. मी त्यांना थांबवू शकले असते, माझ्या अर्ध्या वजनाच्या आहेत. पण दोषी माणसाला जसं ओढत नेतात तशी मी मुकाट्याने गेले. रस्ता ओलांडून कोपऱ्यावरच्या पार्कच्या भिंतीपाशी त्या थांबल्या. मागे वळून घराकडे बघितलं. अंतर पुरेसं आहे का याचा अंदाज घेतल्यासारखं. मग माझ्याकडे वळल्या.

‘‘तू त्या दिवशी हाक मारली नसतीस,’’ त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. त्यांचे ओठ नेहमीसारखे नुसतेच हलले. मी डोळे मिटून घेतले.

‘‘तर आज माझा पोरगा नसता.’’

मी डोळे उघडले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. ‘‘मी ओरडले तुला. आत तो पडला आणि मी तुला ओरडलेले शब्द अजून घरात तसेच होते. तेव्हापासून बोलायचंय.’’

‘‘मग बोलला का नाहीत?’’ माझा आवाज चढलाच. ‘‘इतके महिने? मला वाटलं तुम्ही मला...’’

‘‘घरात कशी बोलू?’’ त्याही चिडल्या. ‘‘पोरगा नसता, असं घरात बोलू? वास्तू ऐकते. आणि बाहेर तू सापडतेस कधी? ड्युटी झाली की क्लास, क्लास झाला की पोळ्या. तोंड फिरवून पुटपुटत असतेस. मला वाटायचं मलाच शिव्या देतेस इंग्रजीतून.’’

मला रडता रडता हसू फुटलं. भाजीची गाडी घेऊन जाणारा माणूस आमच्याकडे वळून वळून बघत गेला. सासूबाईंनी पदराने आधी माझं तोंड पुसलं, मग स्वतःचं.

‘‘आणि पाणी मी दिलं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी बसवला त्याला. नाहीतर डबा घेऊन निघालाच होता. तेही सांगितलंस का त्यांना?’’

ते मी सांगितलं नव्हतं. ‘‘सोमवारी सांगते,’’ मी म्हटलं.

गेटच्या आत आल्यावर त्यांनी अंगणातल्या नळावर पाय धुतले आणि मलाही धुवायला लावले, बाहेरचं बाहेर राहावं म्हणून. दारात नवरा उभा होता. ‘‘काय झालं? कुठे गेला होतात दोघी?’’

‘‘काही नाही,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘तू मेथी निवडायला बस.’’